थोर अणुशास्त्रज्ञ डॉ. होमी जहांगीर भाभा

दरवर्षी पावसाळ्याच्या सुमारास सहावी आणि नववीच्या वर्गांत डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेचे फॉर्म येतात. मुंबईच्या विज्ञान अध्यापक मंडळाने ही स्पर्धा सुरू केली, आणि आता नांदेड-लातूरकडील मुलेही मोठ्या हौसेने तिला बसतात. एकदा आमचे विज्ञानाचे सर रजेवर असल्यामुळे फॉर्म भरून घेण्याचे काम माझ्याकडे आले. मी कला शाखेचा पदवीधर, इतिहास व मराठी शिकविणारा शिक्षक. नववीतील एका मुलीने फॉर्मवरील नावावर बोट ठेवून मला विचारले की, सर, हे कोण होते व यांनी काय केले? मी क्षणाचाही विचार न करता सांगून मोकळा झालो की, यांनी भारताचा अणुबाँब तयार केला.

त्या दिवशी संध्याकाळी वाचनालयात बसून पुस्तक उघडले आणि मनातल्या मनात ओशाळलो. भारताने पहिला अणुस्फोट पोखरण येथे १८ मे १९७४ रोजी केला. डॉ. भाभा त्यापूर्वी आठ वर्षे, २४ जानेवारी १९६६ रोजी हे जग सोडून गेले होते. ज्या कामासाठी जगातील शास्त्रज्ञ त्यांचे नाव घेतात ते काम बाँबचे नव्हे. अणूच्या आतील बारीक कणांचे, आणि आकाशातून आपल्या डोक्यावर अहोरात्र पडणाऱ्या विश्वकिरणांचे ते काम आहे. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी आपली चूक दुरुस्त केली. पण पाच मिनिटांत सांगून संपणारी ही हकीकत नाही, म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने ती सविस्तर लिहीत आहे.

होमी भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुशिक्षित पारशी कुटुंबात झाला. आजोबा हे म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे सर्वोच्च अधिकारी होते. वडील जहांगीरजी विलायतेत शिकून आलेले बॅरिस्टर. आत्या मेहेरबाई ही सर दोराबजी टाटांची पत्नी. म्हणजे घरात पैसा होता, पुस्तके होती आणि मोठ्या माणसांची ऊठबस होती. हे आपण कबूल केले पाहिजे, नाहीतर थोर माणसांची चरित्रे वाचून गरिबांच्या मुलांना वाटते की आपल्यातच काही उणे आहे. मात्र पारशी समाज संख्येने किती लहान, मूठभर! त्या मूठभर समाजाने शिक्षणावर जो खर्च केला त्याचे फळ साऱ्या देशाला मिळाले.

होमी लहानपणी फार कमी झोपत असे. आईवडील काळजीत पडून त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले तेव्हा, मुलाला काही आजार नाही, याचा मेंदूच फार काम करतो, असा निर्वाळा मिळाला, असे चरित्रकार सांगतात. शाळा कॅथीड्रल हायस्कूल, नंतर एल्फिन्स्टन कॉलेज व रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. चित्रकला आणि पाश्चात्य संगीत यांची गोडी घरातूनच लागली. वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद त्याने वाचून काढला होता.

ज्या वर्षी भाभांचा जन्म झाला त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे एक प्रयोग चालू होता. रदरफर्ड या शास्त्रज्ञाच्या हाताखाली गायगर व मार्सडेन हे दोघे सोन्याच्या अतिशय पातळ पत्र्यावर अल्फा कणांचा मारा करीत होते. बहुतेक कण पत्र्यातून सरळ पार होत, पण हजारोंत एखादा कण भिंतीला आपटल्यासारखा उलट फिरे. रदरफर्डने १९११ साली याचा अर्थ लावला. अणू हा भरीव गोळा नाही. त्याचे जवळजवळ सारे वजन मध्यभागी एका अतिसूक्ष्म केंद्रकात कोंबलेले आहे, व बाकी सारी जागा मोकळी. केंद्रक ज्वारीच्या दाण्याएवढे धरले तर अणूचा व्यास शे-दोनशे मीटर भरेल. आमच्या शाळेचे मैदानही त्याला पुरणार नाही. मी एकदा मैदानाच्या मध्यावर खरोखरच ज्वारीचा दाणा ठेवून मुलांना कुंपणापर्यंत पाठविले. परत येईपर्यंत चिमणीने दाणा नेला होता.

त्या मोकळ्या जागेत इलेक्ट्रॉन असतात. त्यांचा शोध जे. जे. थॉमसनने १८९७ साली लावला होता. इलेक्ट्रॉनवर ऋण विद्युतभार असतो. केंद्रकातील प्रोटॉनवर तेवढाच धन भार असतो, पण प्रोटॉनचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६ पट. केंद्रकात किती प्रोटॉन आहेत यावरून ते कोणते मूलद्रव्य आहे हे ठरते. एक असेल तर हायड्रोजन, सहा असतील तर कार्बन, एकोणऐंशी असतील तर सोने. पण वजनाचा हिशेब काही जुळेना. हेलियममध्ये प्रोटॉन दोन आणि वजन मात्र चार प्रोटॉनांचे! हे उरलेले वजन कोणाचे, हा प्रश्न १९३२ पर्यंत लोंबकळत होता, आणि तो जेथे सुटला तेथेच तरुण होमी जाऊन पोहोचला होता.

परंतु तो तेथे ज्या कामासाठी गेला होता ते वेगळेच होते. १९२७ साली अठराव्या वर्षी त्याला केंब्रिजला पाठविले ते यंत्र अभियांत्रिकी शिकण्यासाठी. वडिलांचा व दोराबजींचा बेत असा की, मुलाने इंजिनियर होऊन परत यावे आणि जमशेदपूरच्या टाटांच्या पोलादाच्या कारखान्यात मोठ्या पदावर बसावे. बेत काही वाईट नव्हता. नोकरी घरची, मान मोठा. कोणत्या बापाला असे वाटणार नाही?

वर्षभरात होमीच्या लक्षात आले की आपले मन यंत्रात नाही. १९२८ च्या ऑगस्टमध्ये त्याने वडिलांना सविस्तर पत्र लिहिले. धंदा किंवा इंजिनियरची नोकरी हे आपल्या स्वभावाला धरून नाही, पदार्थविज्ञान हीच आपली वाट आहे आणि त्यातच आपल्या हातून काही मोठे घडेल, असे त्याने कळविले. मोठ्या कंपनीचा प्रमुख होण्याची आपल्याला इच्छा नाही, हेही स्पष्ट केले.

आता वडिलांनी काय करावे? आपल्याकडे अशा प्रसंगी दोन प्रकार दिसतात. एक म्हणजे दरडावणे, आणि दुसरा म्हणजे हात झटकून, कर तुला काय करायचे ते, असे म्हणून रुसून बसणे. जहांगीरजींनी यांतले काहीच केले नाही. त्यांनी अट घातली. प्रथम यंत्र अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो. तसे झालास तर मी पुढील गणिताच्या शिक्षणासाठी तुला केंब्रिजमध्येच ठेवीन व खर्च देईन. मुलाने अट मानली. न आवडणारा अभ्यासक्रम दोन वर्षे निष्ठेने केला, १९३० साली पहिला वर्ग मिळविला आणि मग गणिताकडे वळला. वडिलांनीही शब्द पाळला. १९३२ साली गणितातही त्याला पहिला वर्ग मिळाला.

या प्रसंगावर मी जरा जास्त थांबतो आहे, त्याला कारण आहे. आमच्या एका विद्यार्थिनीचे अब्बा मला भेटायला आले होते. मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली. लातूरच्या क्लासची फी भरण्यासाठी त्यांनी कर्ज काढण्याची तयारी केली होती. मुलीने डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा, आणि मुलीने हट्ट धरलेला की मी बी.एस्सी. करून भौतिकशास्त्र शिकेन. ते मला म्हणाले की, मास्तर, तुम्हीच तिच्या डोक्यात हे भरले. मी भरले नव्हते, पण मी नाही तरी कसे म्हणावे? लातूर पॅटर्नने आपल्या भागातील किती गरीब घरांतून डॉक्टर निर्माण केले हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. टाटांचा कारखाना ज्यांच्या घरचा त्यांनी पोलाद सोडून गणित धरणे वेगळे, आणि ज्यांच्या घरात एकाच मुलाच्या शिक्षणाला पैसा पुरतो त्यांनी तसे करणे वेगळे. हे मी त्यांच्यासमोर मान्य केले. मग त्यांना जहांगीरजींच्या अटीची गोष्ट सांगितली. ते ऐकून घेऊन काही न बोलता उठले. पुढच्या आठवड्यात मुलीने येऊन सांगितले की, अब्बांनी अट घातली आहे. बारावीला गणित व जीवशास्त्र दोन्ही विषय घ्यायचे, आणि भौतिकशास्त्रात नव्वदच्या वर गुण मिळाले तरच पुढे बोलू. ती सध्या अभ्यास करीत आहे.

असो. केंब्रिजची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा तेव्हा रदरफर्डच्या हाताखाली होती, आणि १९३२ हे साल तर शास्त्राच्या इतिहासात सोन्याचे. त्या वर्षी चॅडविकने न्यूट्रॉन शोधून काढला. वजन प्रोटॉनएवढेच, पण विद्युतभार शून्य. हेलियमचे हरवलेले वजन सापडले. केंद्रकात दोन प्रोटॉनांबरोबर दोन न्यूट्रॉन बसले होते! त्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेत कॉक्रॉफ्ट व वॉल्टन यांनी यंत्राने वेग दिलेल्या प्रोटॉनांनी लिथियमचे केंद्रक फोडले. आणि तिकडे अमेरिकेत अँडरसनला विश्वकिरणांच्या छायाचित्रात इलेक्ट्रॉनसारखाच, पण धन भार असलेला कण दिसला. त्याला पॉझिट्रॉन हे नाव पडले. असा कण असला पाहिजे हे डिरॅक या गणितज्ञाने आधीच कागदावर ताडले होते, आणि हेच डिरॅक भाभांचे गणिताचे गुरू. तेवीस वर्षांच्या तरुणाला यापेक्षा चांगली जागा आणि यापेक्षा चांगली वेळ कोणती मिळणार?

पुढे त्यांनी झुरिकला पाउली, रोमला फर्मी, कोपनहेगनला बोर यांच्या सहवासात काम केले. १९३३ मध्ये त्यांचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला, तो विश्वकिरणांवरच. भाभांच्या नावाने जी गोष्ट आज जगभर शिकविली जाते ती त्यांनी १९३५ साली मांडली. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांजवळ आले म्हणजे काय होते? एक तर ते एकमेकांना नुसते वाटेवरून वळवतात. नाहीतर दोघेही नष्ट होऊन त्यांची ऊर्जा होते, आणि त्या ऊर्जेतून पुन्हा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी निर्माण होते. यांपैकी नेमके काय घडले हे बाहेरून पाहणाऱ्याला कळत नाही. म्हणून दोन्ही शक्यता एकत्र धरूनच हिशेब करावा लागतो. हा हिशेब भाभांनी केला, आणि त्याला भाभा विकिरण म्हणतात. जिनिव्हाजवळच्या प्रचंड यंत्रात १९८९ ते २००० या काळात इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉनांच्या टकरी घडविल्या जात, तेव्हा एकूण किती टकरी व्हाव्यात हे मोजण्याचे माप म्हणून शास्त्रज्ञ याच सूत्राचा उपयोग करीत.

दुसरे काम १९३७ चे, हाइटलर या जर्मनीतून परागंदा झालेल्या शास्त्रज्ञाबरोबरचे. विश्वकिरणे मोजताना असे दिसे की एकाच क्षणी शेकडो कणांचा वर्षाव होतो. एवढे कण एकदम येतात कोठून? भाभा व हाइटलर यांनी दाखविले की ते वरून तयार होऊन येत नाहीत, वाटेत तयार होतात. मी मुलांना हे पैशांच्या उदाहरणाने सांगतो. पाचशेची नोट घेऊन बाजारात गेलो, तिचे सुटे केले, त्या सुट्यांचे पुन्हा सुटे केले, तर हातात चिल्लर वाढत जाते, पण रक्कम पाचशेच राहते. तसेच येथे. जोरदार इलेक्ट्रॉन हवेतील केंद्रकाजवळून जाताना त्याला ब्रेक लागतो व त्यातून गॅमा किरण निघतो. तो गॅमा किरण दुसऱ्या केंद्रकाजवळ इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी निर्माण करतो. त्यांतून पुन्हा गॅमा, पुन्हा जोड्या. कण वाढत जातात आणि प्रत्येकाच्या वाट्याची ऊर्जा कमी होत जाते. शेवटी आणखी सुटे करण्याजोगे काही उरत नाही व वर्षाव ओसरतो.

पण एक कोडे राहिले. काही किरणे अशी होती की जाड शिशातूनही सहज पार जात. ती इलेक्ट्रॉनची चिल्लर नव्हे, हे भाभांच्या हिशेबावरून स्पष्ट झाले. तो वेगळाच कण होता, इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०७ पट जड. आज त्याला म्युऑन म्हणतात. या कणाचे आयुष्य सेकंदाच्या दशलक्षांश भागांपैकी दोनहून थोडे अधिक. तेवढ्या वेळात प्रकाशाच्या वेगानेही तो जेमतेम साडेसहाशे मीटर जाईल. पण तो तर पंधरा-पंधरा किलोमीटर वरून जमिनीवर येऊन पोहोचतो! असे कण वेगाने धावत असताना, आइन्स्टाइनच्या नियमाप्रमाणे, त्यांचे घड्याळ आपल्या दृष्टीने हळू चालते व त्यांचे आयुष्य लांबते, ही गोष्ट भाभांनी १९३८ मध्ये दाखवून दिली. पुढे मोजमापांनी ती खरी ठरविली. वाचकहो, आपण हे पान वाचीत असताना पुढे धरलेल्या तळहातातून दर सेकंदाला एखादा म्युऑन आरपार जात आहे. तो घराचे छप्पर भेदून आला आहे आणि पायांखालच्या जमिनीत शिरणार आहे.

अशा मध्यम वजनाच्या कणांना मेसॉन हे सुटसुटीत नाव द्यावे, अशी सूचना भाभांनी १९३९ च्या प्रारंभी केली, व ते नाव टिकले. म्युऑन त्या कुळातला नाही हे मात्र नंतर कळले.

१९३९ साली ते सुटीसाठी हिंदुस्थानात आले आणि तेवढ्यात महायुद्ध पेटले. परत जाणे अशक्य झाले. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्या भौतिकशास्त्र विभागात त्यांना जागा मिळाली. १९४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, तेव्हा वय अवघे एकतीस. त्याच वर्षी नागपूरच्या अधिवेशनात रामन यांनी त्यांची तुलना लिओनार्दो दा विंचीशी केली. रामन सहजासहजी कोणाची स्तुती करणारे नव्हते.

युद्ध संपल्यावर परत जावे, केंब्रिजची हवा भोगावी, हे त्यांना शक्य होते. त्यांनी वेगळा विचार केला. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी संस्था काढण्याची विनंती केली. त्यातील एक विचार ध्यानात ठेवण्यासारखा आहे. दोनेक दशकांत अणुशक्तीपासून वीज निर्माण होऊ लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, ते येथेच तयार असावेत, असे त्यांनी लिहिले. तारीख पाहा. हिरोशिमावर बाँब पडण्यापूर्वी सव्वा वर्षाहून अधिक आधीचे हे पत्र आहे.

टाटा मूलभूत संशोधन संस्था १ जून १९४५ रोजी बंगलोरला सुरू झाली व वर्षअखेर मुंबईत पेडर रोडवरील केनिलवर्थ नावाच्या बंगल्यात आली. पहिल्या वर्षाचे अंदाजपत्रक टाटा ट्रस्ट, मुंबई सरकार व केंद्राची संशोधन परिषद मिळून ऐंशी हजार रुपयांचे होते. चंदा गोळा करून संस्था चालविणाऱ्या आमच्यासारख्यांना हा आकडा मुद्दाम सांगतो. १९४९ मध्ये संस्था गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली, आणि कुलाब्याच्या टोकाला समुद्रकाठी स्वतःची वास्तू उभी राहिली ती १९६२ साली. १५ जानेवारी रोजी पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले.

माणसे निवडण्यात भाभा पदवीच्या कागदापेक्षा काम पाहत. १९४९ साली त्यांनी बिभा चौधुरी यांना संस्थेत घेतले. या संस्थेतील त्या पहिल्या स्त्री संशोधक. त्यांनी कलकत्त्याच्या डी. एम. बोस यांच्याबरोबर दार्जिलिंगच्या डोंगरावर छायाचित्राच्या काचा ठेवून विश्वकिरणांतील मेसॉनांच्या खुणा टिपल्या होत्या. युद्धामुळे चांगल्या काचा मिळाल्या नाहीत आणि काम अपुरे राहिले. पुढे त्याच पद्धतीने काम करून इंग्लंडच्या पॉवेलला १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. बिभाबाईंचे नाव मात्र कित्येक वर्षे कोणी घेतले नाही. २०१९ साली एका ताऱ्याला बिभा हे नाव देण्यात आले. आमच्या मुलींच्या शाळेत हे नाव फळ्यावर लिहिले गेले पाहिजे, असे मला वाटते.

भाभा स्वतः चित्रे काढीत, मोझार्ट व बेथोव्हन ऐकत, बागेतील प्रत्येक झाडाकडे लक्ष देत. रस्त्याआड झाड आले तर ते तोडण्याऐवजी मुळांसकट उचलून दुसरीकडे लावण्याची त्यांची पद्धत होती. कुलाब्याच्या इमारतीच्या दर्शनी दालनात पंचेचाळीस फूट लांबीचे भव्य भित्तिचित्र आहे. ते एम. एफ. हुसेन यांचे. म्हणजे आपल्या पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकाराचे चित्र अणुशास्त्रज्ञांच्या उंबरठ्यावर आहे.

या संस्थेचा आणि आपल्या मराठवाड्याचा एक गमतीदार संबंध आहे. विश्वकिरणे मोजायची तर हवेच्या वर जावे लागते, म्हणून उपकरणे मोठमोठ्या फुग्यांना बांधून सोडतात. भाभांच्या काळापासून संस्थेने हे काम चालविले व पुढे हैदराबादला त्याचे केंद्र झाले. विषुववृत्ताजवळच्या या प्रदेशात पृथ्वीचे चुंबकत्व कमजोर कणांना परतवून लावते व फक्त जोरदार कणच आत येतात, म्हणून ही जागा सोयीची. फुगा तीस-चाळीस किलोमीटर उंच जातो आणि मग उपकरणे छत्रीने खाली येतात. वारा नेईल तिकडे! म्हणून हंगामात संस्थेकडून जी सूचना निघते तिच्यात नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या जिल्ह्यांची नावे असतात. शेतात असा डबा सापडला तर त्याला हात लावू नये, पोलिसांना अथवा पोस्टात कळवावे. जानेवारी २०२५ मध्ये तर बीदर जिल्ह्यातील हुमनाबाद तालुक्यात जलसंगी गावी असा फुगा एका घरावरच उतरला. घरच्यांची काय त्रेधा उडाली असेल! हे गाव आमच्या उदगीर-निलंग्याकडच्या लोकांना परके नाही.

अणुशक्तीच्या कामाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी थोडक्यात सांगतो. १९४८ मध्ये अणुशक्ती आयोग स्थापन झाला व भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये स्वतंत्र खाते निघाले. १९५५ साली जिनिव्हाला अणुशक्तीच्या शांततामय उपयोगावर जागतिक परिषद भरली, तिचे अध्यक्षस्थान भाभांना मिळाले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. इंधन ब्रिटनचे, बांधणी आपली. न्यूट्रॉनला विद्युतभार नसल्यामुळे त्याला युरेनियमच्या केंद्रकात शिरताना कोणी अडवीत नाही. तो शिरला की केंद्रक दुभंगते, ऊर्जा निघते व आणखी दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर पडतात, ते पुढची केंद्रके फोडतात. चॅडविकच्या त्या भाररहित कणाचा हा पराक्रम. पाण्याच्या हौदात बसविलेल्या या भट्टीतून निळसर प्रकाश दिसे, आणि तिचे नाव नेहरूंनी ठेवले. भारतात युरेनियम थोडे व केरळच्या वाळूत थोरियम भरपूर, म्हणून शेवटी थोरियमवर चालणाऱ्या भट्ट्यांपर्यंत तीन पायऱ्यांनी जावे, हा आराखडाही भाभांचाच. १९६२ मध्ये त्यांच्याच खात्याखाली विक्रम साराभाईंची अवकाश समिती निघाली, आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून पहिला अग्निबाण उडाला, तेव्हा तेथे राबणाऱ्यांत तरुण अब्दुल कलाम होते.

मात्र सारेच अंदाज खरे ठरले नाहीत, हे सांगितले पाहिजे. अणुवीज लवकरच स्वस्त व मुबलक होईल असे भाभांना वाटत होते. तारापूरचे केंद्र त्यांच्या मृत्यूनंतर १९६९ मध्ये सुरू झाले आणि आजही देशाच्या एकूण विजेत अणुविजेचा वाटा सुमारे तीन टक्केच आहे. थोरियमची पायरी अजून दूर आहे. ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनने अणुस्फोट केला, त्यानंतर आकाशवाणीवरून बोलताना भाभांनी अणुबाँबला फार खर्च येत नाही असा हिशेब मांडला. त्याच भाषणात त्यांनी निःशस्त्रीकरणाचाही आग्रह धरला होता, पण लोकांच्या ध्यानात खर्चाचाच आकडा राहिला. माझ्यासारख्याने वर्गात चुकीचे उत्तर द्यावे, याचे मूळ कदाचित तेथे असेल.

त्यांनी लग्न केले नाही. आई आणि भाऊ जमशेद हेच कुटुंब. १९६६ च्या जानेवारीत व्हिएन्नाच्या बैठकीसाठी ते एअर इंडियाच्या कांचनजंगा या विमानाने निघाले. २४ जानेवारीच्या सकाळी जिनिव्हाला उतरण्यापूर्वी ते विमान आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. ११७ माणसे होती, कोणीही वाचले नाही. भाभांचे वय छप्पन्न. त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. पुढच्या वर्षी तुर्भे येथील केंद्राला भाभांचे नाव देण्यात आले.

विमानाचे अवशेष बर्फात गाडले गेले. हिमनदी अतिशय सावकाश खाली सरकते, आणि तिच्या टोकाशी आता एकेक वस्तू वर येते. २०१२ साली टपालाची एक सरकारी पिशवी सापडली. २०२० च्या उन्हाळ्यात तेथील एका उपाहारगृहाच्या मालकाला बर्फातून काही भारतीय वर्तमानपत्रे मिळाली. ती ओली होती, म्हणून त्याने वाळत घातली. त्यांवरील अक्षरे अजून वाचता येत होती, आणि त्यांत इंदिरा गांधींच्या निवडीची बातमी होती.